विंग, फ्लॅट आणि प्रॉपर्टी : नाट्यशिबिरातले माझे दिवस

खरं सांगायचं तर शिबिराला मी जाणारच नव्हते. मे महिन्याच्या सुट्टीत पोराचं डोकं मोबाईलमधनं जरा तरी बाहेर यावं म्हणून त्याच्या नावानं फी भरली, २१ दिवस, रोज संध्याकाळी ५ ते ८, आणि साहेब तिसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले मला क्रिकेटला घाल. फी काही परत मिळेना, पावतीवरच छापलेलं होतं तसं, मीच वाचलं नव्हतं. मग मी तिथं जाऊन म्हटलं पैसे बुडवण्यापेक्षा उरलेले दिवस मीच आले तर चालेल का? शिबिर घेणारे सर तिशीतले असतील, ते हसले आणि म्हणाले, या की काकू, आपल्या एकांकिकेत आईचं काम करायला कुणी नाहीच. मला एकदम भारी वाटलं. वय ४३, शाळेच्या गॅदरिंगनंतर स्टेजवर पाय नाही, आणि डायरेक्ट आई!

(आईचं काम शेवटी १९ वर्षांच्या एका पोरीला गेलं. तिचं चार दिवसात सगळं पाठ झालं आणि माझं दोन पानं पण होईनात. मला शेजारीण मिळाली, एक एंट्री, चार मिनिटं. आणि उरलेला वेळ प्रॉम्प्टिंग. ते पुढं सांगते.)

आम्ही सांगलीचे. म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या गावचे, १८४३ साली इथंच 'सीता स्वयंवर' झालं आणि मराठी नाटक सुरू झालं असं लहानपणापासून ऐकत आलोय, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचा कार्यक्रम असतो, कुणातरी मोठ्या नटाला भावे पदक देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आमचा नाटकाशी संबंध एवढाच, फोटोपुरता. त्यामुळं पहिल्या दिवशी बाकीची पोरं १५ ते २२ वयाची, कुणी कॉलेजच्या एकांकिका केलेल्या, आणि ती जे काही बोलत होती त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. म्हणजे शब्द सगळे ओळखीचे होते, हीच तर गंमत. मी एक वही घेऊन गेले होते. सर म्हणाले, काकू वही राहू दे, उभ्या राहा.

खडूनं फरशीवर मोठा चौकोन काढला आणि त्यात फुली-गोळा खेळतो तशी नऊ घरं पाडली. ऑडियन्सच्या बाजूची ओळ म्हणजे डाउन, मधली सेंटरची, मागची अप. मग प्रत्येकात राईट, लेफ्ट, मधलं. सर समोर खुर्चीवर बसले आणि ओरडले, काकू डाउन राईट! मी गेले सरांच्या उजव्या हाताला. सगळी पोरं हसली. तर नियम असा आहे की राईट-लेफ्ट हे नेहमी नटाचं धरायचं, तो ऑडियन्सकडं तोंड करून उभा असताना त्याचा जो उजवा तो राईट, समोर बसलेल्याला ते उलटं दिसलं तरी चालतंय. मी घड्याळ डाव्या हातात घालते, म्हणून मनात ठरवून टाकलं, घड्याळाकडं म्हणजे लेफ्ट. आठवडाभर मी प्रत्येक वेळी आधी मनगट बघून मग चालायचे, शेवटी सर म्हणाले तुमची शेजारीण सारखी टाईम का बघतेय, तिला कुठं जायचंय का.

अप आणि डाउन का म्हणतात हे मी विचारलं कारण फरशी तर सपाट होती. तर पूर्वी युरोपात बरेच रंगमंच उतरते असायचे, मागं उंच आणि प्रेक्षकांकडं उतार, म्हणजे मागचा नटही दिसावा. म्हणून मागं जाणं म्हणजे वर जाणं. आता उतार गेला, शब्द राहिला. आणि यात एक लबाडी पण आहे. माझा सीन धाकट्या भावाबरोबर होता (नाटकातली नावंच वापरते, आम्ही शिबिरातही एकमेकांना तीच नावं पाडली होती) आणि तो पोरगा बोलता बोलता हळूहळू मागं सरकायचा. आता तो मागं गेला की त्याच्याशी बोलायला मला वळावं लागणार, म्हणजे माझी पाठ ऑडियन्सला आणि त्याचं तोंड छान समोर. मला काही कळलंच नाही, मी आपली बोलत होते. सर म्हणाले, काकू तो तुम्हाला खातोय. वळू नका, ओपन राहा, अर्ध्या त्याच्याकडं, अर्ध्या ऑडियन्सकडं. आता असं तिरकं उभं राहून मी आयुष्यात कुणाशी बोललेले नाही, लग्नात फोटोग्राफरनं उभं केलेलं सोडून. पण समोरून बघितलं की ते अजिबात तिरकं वाटत नाही, पोरांना तसं उभं करून सरांनी मला खुर्चीत बसवून दाखवलं. स्टेजवर जे नैसर्गिक दिसतं ते करताना अवघडच वाटतं, याची मला सवय व्हायला बरेच दिवस गेले.

आता घरातला किस्सा. आमची एकांकिका सरांनीच लिहिलेली, दोन भाऊ, म्हातारी आई आणि विकायला काढलेला वाडा. मी रात्री स्वयंपाक करता करता फोनवर सरांशी बोलत होते, की होय सर, प्रॉपर्टी सगळी माझ्याकडंच आहे, काळजी करू नका, दोन फ्लॅट उद्या येतील पण एक कमी पडतोय, आणि ती डावी विंग फार अरुंद होती ओ, तिथनं पलंग जाणार नाही. फोन ठेवला तर आमचे हे टीव्ही म्यूट करून दारात उभे. कुणाची प्रॉपर्टी? मी सांगायला लागले की प्रॉपर्टी म्हणजे स्टेजवर हातात घेतात त्या वस्तू, तांब्या, चाव्या, कागद, चष्मा. फ्लॅट म्हणजे लाकडी फ्रेमवर कापड नाहीतर प्लाय ठोकून केलेली खोटी भिंत, मागनं टेका देऊन उभी करतात. विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची ती जागा, उभे पडदे असतात त्याच्यामागं, जिथनं एंट्री घ्यायची. लेव्हल म्हणजे लाकडी चौथरा. हे म्हणाले, आणि बिझनेस बिझनेस काय करत होतीस? तर बिझनेस म्हणजे बोलताना हाताला दिलेलं काम, मी शेंगा सोलत बोलते, तो माझा बिझनेस. ह्यांनी टीव्हीचा आवाज परत वाढवला पण चेहऱ्यावरनं पूर्ण पटलंय असं दिसत नव्हतं.

शेंगांवरनं आठवलं. मला वाटलेलं बिझनेस म्हणजे हात रिकामे दिसू नयेत म्हणून काहीतरी चाळा. तसं नाही. कुठल्या शब्दावर शेंग फोडायची हे पण बसवावं लागतं, कारण फोडल्याचा आवाज येतो आणि तो समोरच्याच्या वाक्यावर आला तर ते वाक्य गेलं. तीन दिवस आम्ही फक्त शेंगा बसवल्या. अर्धा किलो संपल्या, पोरांनी खाल्ल्या त्या वेगळ्याच.

चालण्याचंही तसंच. कोण कधी कुठनं कुठं जाणार हे ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग, आणि मूव्हमेंट घ्यायची तर त्याला कारण पाहिजे. उगाच येरझाऱ्या घातल्या की सर विचारणार, का गेलात? उत्तर नसेल तर परत जागेवर.

त्याच्या आधी पहिला आठवडा जास्त करून वाचनच. गोल बसून. मला वाटलं वाचायला काय लागतंय, मी तर शाळेत धडा वाचण्यात पहिली. पण तिथं एक गोष्ट कळली जी मला कधी सुचलीच नव्हती. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'नाही' पण शेवटी येतं, आणि आपण बोलताना श्वास संपत आला की वाक्याचा शेवटच खातो. थोरल्या भावाचं वाक्य होतं, 'मी या कागदावर सही करणार नाही'. तो पोरगा 'मी या कागदावर' दणक्यात म्हणायचा आणि 'करणार' येईपर्यंत आवाज तळाला, 'नाही' गिळलेलं. सर हॉलच्या पार मागच्या भिंतीला जाऊन बसले आणि म्हणाले, मला ऐकू आलं की तू सही करणार, मग भांडण कशाला चाललंय, नाटक संपलं, चला घरी. तेव्हापासनं आमच्यात एकच घोषणा, शेपूट सांभाळ! प्रोजेक्शन प्रोजेक्शन म्हणतात ते काही ओरडणं नाही, शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरवून ठेवायचा आणि मागच्या रांगेपर्यंत तो शब्द पोचवायचा, असं मला तरी कळलं. आता आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सुद्धा मला लोकांच्या शेपट्याच ऐकू येतात, म्हणजे येत नाहीत.

जुने शब्द पण सरांनी मध्येमध्ये सांगितले, ते मला फार आवडले. नेपथ्य म्हणजे आपण सेट म्हणतो, नेपथ्यकार अमुक अमुक. पण संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथं नट रंगतात, तयार होतात. म्हणून 'नेपथ्ये' असं लिहिलेलं असलं की आवाज आतनं येतो. म्हणजे जे लपलेलं होतं त्याचाच शब्द आता समोर दिसणाऱ्या भिंतीला आला, असा कसा फिरला कुणास ठाऊक. स्वगत तर सगळ्यांना माहीत असतं, पात्र स्वतःशी बोलतं आणि ऑडियन्सला ऐकू येतं. पण जनांतिक म्हणून एक प्रकार आहे, स्टेजवर चारजण आहेत आणि त्यातल्या एकालाच सांगायचंय, तर हाताची तीन बोटं वर धरून आडोसा करायचा आणि बोलायचं, बाकीच्यांना ऐकू आलं नाही असं धरून चालायचं. मी म्हटलं हे तर आमच्या भिशीत कायम चाललेलं असतं, फक्त बोटांच्या जागी पदर. आणि नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत, आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य, त्यातला आहार्य म्हणजे कपडे, दागिने, रंगभूषा. म्हणजे साडी कुठली नेसायची हा पण अभिनयच. हे मी घरी मुद्दाम दोनदा सांगितलं.

आता प्रॉम्प्टिंग. मला वाटलं हे सोपं काम, म्हणून मला दिलं असणार. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता म्हणजे लिहिलेलं नाटक, प्रत्येक वाक्याखालून बोट फिरवत जायचं, नट अडकला की पुढचं सांगायचं. पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. सीन असा की आई थोरल्याच्या हातात वाड्याच्या चाव्यांचा जुडगा देते. तो जुडग्याकडं बघतो. गप्प. मी बघितलं, हा काही बोलेना, अडकला बिचारा, म्हणून चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं, 'बाबांच्या कमरेला असायच्या ह्या'. अख्खा हॉल शांत. थोरल्यानं माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. सर डोक्याला हात लावून म्हणाले, काकू, पॉज होता तो.

मग सरांनी मला बाजूला बसवून नीट सांगितलं. पॉज म्हणजे वाक्य विसरणं नाही, तिथं न बोलता काहीतरी चाललेलं असतं, आणि तो पण बसवलेला असतो, वाक्यासारखाच. थोरला जुडगा बघताना मनात पाच आकडे मोजतो. मी म्हटलं मग मला कसं कळणार पॉज कुठला आणि ब्लँक कुठला? एक तर संहितेत खुणा कर, म्हणाले. मग मी लाल पेननं प्रत्येक पॉजच्या जागी गोल काढला आणि त्यात आकडा, दोन, तीन, पाच. आणि दुसरं, त्याच्या श्वासाकडं बघ. पॉज घेणारा श्वास घेत असतो, ब्लँक झालेला श्वास धरून ठेवतो. डोळे विंगेकडं यायच्या आधी श्वास थांबतो. शिवाय आख्खं वाक्य कधी सांगायचं नाही, पहिले एक-दोन शब्द बास, आणि कुजबुजायचं तर अजिबात नाही, कुजबुज नटाला कळत नाही आणि पहिल्या रांगेला मात्र ऐकू जाते, खालच्या पट्टीत साधं बोलायचं.

भाव्यांच्या वेळी प्रॉम्प्टर लागतच नसणार, हे मला त्या दिवशी सुचलं. कारण त्यांच्या नाटकात पात्रांची भाषणं लिहिलेलीच नसायची म्हणे, सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या त्या प्रसंगावर आयत्या वेळी मनानं बोलायची. विसरणार काय? आता कुणी मनानं वाक्य घातलं की पोरं म्हणतात अ‍ॅडिशन घेतली, आणि सरांना ते चालत नाही.

लाईटचं थोडक्यात सांगते कारण मला त्यातलं अजून निम्मं कळलेलं नाही. शेवटच्या चार दिवसात लाईटवाले दादा आले, पार आणि फ्रेनेल असे दिवे, त्यांचा उजेड कमी-जास्त करायचा डिमर, दिव्यांपुढं लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद. फेड आउट म्हणजे हळूहळू अंधार, ब्लॅकआउट म्हणजे एका झटक्यात. ते सारखं म्हणायचे ताई लाईट घ्या. घ्या म्हणजे काय करू, हातात घेऊ? तर आपण लाईटच्या कडेला उभं असतो, तोंड अंधारात, एक पाऊल सरकलं की तोंडावर पडतो. फ्रेनेलची ऊब गालाला लागली की समजायचं मिळाला. एलईडीची ऊब लागत नाही तिथं डोळे किंचित दिपले पाहिजेत. ब्लॅकआउटमध्ये पलंग हलवायचा होता, तिथं मी पहिल्यांदा सरळ जाऊन लेव्हलवर धडकले, नडगीवरचा वण अजून आहे. मग आईचं काम करणाऱ्या पोरीनं युक्ती सांगितली, विंगेत असताना ब्लॅकआउटच्या आधीच डोळे मिटून थांबायचं, अंधार झाला की उघडायचे, लगेच दिसायला लागतं. आणि फरशीवर रेडियमच्या बारक्या पट्ट्या चिकटवलेल्या, पलंगाचे पाय तिथं.

रंगीत तालीम म्हणजे रंग लावून, कपडे घालून, लाईट-म्युझिकसकट, न थांबता. ती इतकी वाईट झाली की त्याबद्दल लिहीत नाही. माझी एंट्री चुकली कारण मी प्रॉम्प्टिंगच्या नादात माझाच क्यू ऐकला नाही. क्यू म्हणजे ज्या वाक्यावर आपण आत जायचं ते. सगळ्यांची वाक्यं मला पाठ, आणि माझ्याच वाक्याला मी बोट फिरवत शांतपणे वाट बघतेय की ही शेजारीण येत का नाही. सरांनी मग एका लहान पोरीला नेमलं, माझी एंट्री आली की संहिता तिच्या हातात आणि तिनं मला ढकलायचं.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. खुर्च्या दीडशे, बहुतेक सगळे आईबाप. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये जे पोटात होतं त्याला नाटकवाल्यांकडं पण काही शब्द नसावा, मी विचारलं, कुणी सांगितला नाही. तिसरी घंटा. अंधार. पडदा.

माझा सीन बरा झाला. शेंगा वेळेवर फुटल्या. चौथी भिंत म्हणजे सेटला तीन भिंती आणि चौथी ऑडियन्सच्या बाजूला आहे असं समजायचं, तिच्यापलीकडं बघायचं नाही, हे मला पाठ होतं, पण दुसऱ्या रांगेत आमच्या नणंदबाई बसलेल्या आणि त्यांनी चक्क हात केला. माझा हात अर्धा वर गेला होता. तसाच केसांवरनं फिरवला. सर नंतर म्हणाले तो बिझनेस चांगला होता, कधी बसवलात?

आणि मग चाव्यांचा सीन. मी परत विंगेत, संहिता हातात, लाल गोलात पाच. आईनं जुडगा दिला. थोरल्यानं बघितलं. मी मनात मोजायला लागले. चार, पाच. आता बोलेल. सहा. सात. मी कागदावरनं मान वर केली आणि त्याच्या छातीकडं बघितलं. हलत नव्हती. अंगठा एकाच चावीवर घासत होता, सारखा. डोळे अजून विंगेकडं आले नव्हते पण येणार होते, आणि ते आले असते तर दीडशे लोकांना कळलं असतं. मी खालच्या आवाजात म्हटलं, 'बाबांच्या'. एवढंच. त्याचा श्वास सुटलेला मला आठ फुटांवरनं दिसला. 'बाबांच्या कमरेला असायच्या ह्या'. शेपटासकट.

प्रयोगानंतर आत सगळा गोंधळ, कुणाचं मेकअप पुसणं, कुणाचे फोटो. नणंदबाई आत आल्या आणि माझ्याबद्दल काही बोलायच्या आधी म्हणाल्या, तो थोरला पोरगा चाव्या हातात घेऊन काय थांबला गं, अंगावर काटा आला माझ्या. थोरला माझ्या मागंच उभा होता. त्यानं तीन बोटं तोंडाच्या बाजूला धरली आणि म्हणाला, काकू, सांगू नका.

फ्लॅट, लेव्हल सगळं त्याच रात्री टेम्पोत भरून गेलं. ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, झालं का तुमच्या प्रॉपर्टीचं? मी पिशवी उघडून बघितली, चष्मा होता, जुडगा होता. आमचा पितळेचा तांब्या तिथंच विंगेत राहिलाय. सोमवारी हॉल उघडला की जाऊन आणते.